बेसबॉल खेळणाऱ्या पोरांचा खांदा: काय ताणायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही

पोरगं म्हणालं की खांदा आखडलाय, की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, स्ट्रेचिंग कर. मग कोणीतरी व्हिडिओ पाठवतं, त्यात डझनभर प्रकार असतात, पोरगं त्यातले सोपे तीनचार उचलतं आणि बरेचदा नेमके तेच चुकीच्या बाजूचे असतात. कारण बेसबॉलवाल्याचा फेकणारा खांदा सरसकट आखडलेला नसतोच. तो पुढून गरजेपेक्षा सैल असतो आणि मागून घट्ट. पुढची बाजू ताणायला सोपी, दाराच्या चौकटीत हात अडकवून पुढे झुकलं की झालं, लगेच मोकळं पण वाटतं, म्हणून सगळे तीच ताणत बसतात आणि मागची तशीच राहते.

हे मुख्यतः इकडे अमेरिकेत ज्यांची पोरं लिटल लीग किंवा ट्रॅव्हल बॉल (पोरांच्या बेसबॉलच्या लीग आणि फिरत्या टीम) खेळतात त्या मराठी आईबापांसाठी आहे. आपण सगळे क्रिकेटवर वाढलेले, त्यामुळे बेसबॉलच्या खांद्याचं आपल्याला फारसं काही माहीत नसतं. बॉल तर हलका आहे की, असं बरेच जण म्हणतात, आणि आहेच, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा आणि क्रिकेटचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. पण पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉलर, प्रत्येक बॉल जीव खाऊन फेकतो, कोपरातून हात मोडून फेकतो, आणि तसं एका मॅचमध्ये पन्नाससाठ वेळा करतो. मी स्वतः महाराष्ट्रात कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो, कॅचर होतो, म्हणजे विकेटकीपरसारखा, आता डॅलसच्या बाजूला पोरांच्या टीमला मदत करतो. डॉक्टर नाहीये, फिजिओ पण नाहीये, तेव्हा दुखत असेल तर काय करायचं ते खाली वेगळं लिहिलंय, ते आधी वाचलं तरी चालेल. तिकडे महाराष्ट्रात सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणाऱ्यांना पण हे सगळं लागू आहे, फक्त सॉफ्टबॉलचा पिचर हात खालून फिरवून टाकतो त्यामुळे त्याचं गणित थोडं वेगळं, कॅचर आणि फिल्डरचं मात्र हेच. बाउंड्रीवरून थ्रो मारणाऱ्या क्रिकेटवाल्यांनी पण वाचा.

फेकताना होतं काय

पिचरचा हात मागे जातो तेव्हा तो किती मागे जातो ते स्लो मोशनमध्ये एकदा बघाच, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पाठीमागे जवळजवळ जमिनीला समांतर होतो, मोठ्या पिचर्समध्ये हा कोन १७० ते १८० अंशांच्या आसपास भरतो. तिथून हात गोफणीसारखा सुटतो आणि सेकंदाला ७००० अंशांहून जास्त वेगाने आत फिरतो, माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात वेगवान हालचालींमध्ये ही धरतात. आता गोफणीतला दगड सुटला की काम संपलं, पण इथे बॉल सुटल्यावर हात तर अजून त्याच वेगात असतो ना, त्याला थांबवणार कोण? तर खांद्याच्या मागचे छोटे स्नायू. दर बॉलला ब्रेक मारायचं काम त्यांचं. म्हणून पिचिंगनंतर दुसऱ्या दिवशी खांद्याची मागची बाजू ठणकते आणि सीझनभर हेच चालू राहिलं की तिथले स्नायू आणि सांध्याचं मागचं आवरण घट्ट होत जातं. मग हात आत फिरणं, ज्याला इंटर्नल रोटेशन म्हणतात, ते कमी होतं.

यात अजून एक भानगड आहे जी बऱ्याच कोचना पण माहीत नसते. लहान मुलाचं दंडाचं हाड जन्मतः मागच्या बाजूला थोडं पिळलेलं असतं आणि वाढत्या वयात तो पीळ हळूहळू सुटत जातो. जी पोरं लहानपणापासून जोरात फेकतात त्यांच्या फेकणाऱ्या हातात तो पीळ पूर्ण सुटतच नाही. त्यामुळे त्यांचा तो हात बाहेर जास्त फिरतो आणि आत कमी फिरतो, आणि हे हाडाचं आहे, स्नायूचं नाही. याने नुकसान नाही, उलट पिचरला मदतच होते असं मानतात. पण मुद्दा असा की हा जो हाडामुळे कमी झालेला भाग आहे तो तुम्ही रात्रंदिवस ताणलात तरी परत येणार नाही, आणि आणायच्या मागे लागू पण नका. म्हणजे आत फिरणं कमी झालंय एवढं बघून स्ट्रेच सुरू करणं बरोबर नाही, किती हाडामुळे आणि किती घट्टपणामुळे ते आधी कळायला हवं. आणि ते घरी बऱ्यापैकी कळतं.

आधी मोजा

पोराला जमिनीवर उताणं झोपवा, गादीवर नको, गादी दबते. फेकणारा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला, कोपर काटकोनात वर, बोटं छताकडे. दंडाखाली टॉवेलची एक घडी ठेवा म्हणजे दंड खांद्याच्या पातळीत राहील. आता तुम्ही एका हाताचा तळवा त्याच्या खांद्याच्या पुढच्या भागावर हलकेच ठेवा आणि त्याला हात पायांच्या दिशेने खाली सोडू द्या, जोर न लावता. ज्या क्षणी खांदा तुमच्या तळव्याला वर ढकलायला लागला तिथे थांबायचं, पुढचं फिरणं खांद्याच्या सांध्याचं नाही, फरा (खांद्यामागचं चपटं हाड) उचलला जातोय. फोनमधलं लेव्हलचं ॲप उघडून फोन मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर टेकवा आणि हात सरळ उभा होता तिथून किती अंश खाली आला ते लिहून ठेवा. हे आतलं फिरणं. मग तसंच डोक्याच्या दिशेने मागे सोडा, ते बाहेरचं फिरणं. मग दुसरा हात. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा, कारण फोनने घरी मोजताना पाच अंश इकडेतिकडे सहज होतात.

आता बेरीज. समजा फेकणाऱ्या उजव्या हाताचं आतलं ४५ आणि बाहेरचं १२० आलं, बेरीज १६५. डाव्या हाताचं आतलं ६५ आणि बाहेरचं १००, बेरीज तीच १६५. म्हणजे आत २० अंशांचा फरक दिसतोय खरा पण सगळी कमान फक्त मागे सरकलीय, एकूण तेवढीच आहे. हा बहुतेक हाडाचा मामला, याला मागची बाजू फार ताणायची गरज नाही. पण समजा उजव्याचं आतलं ३८ आणि बाहेरचं ११५ आलं, बेरीज १५३, आणि डाव्याची १६५, तर मग बारा अंश कुठेतरी हरवलेत आणि ते मऊ भागांत, म्हणजे स्नायूंत आणि आवरणात हरवलेत. प्रोफेशनल पिचर्सच्या अभ्यासात दोन्ही हातांच्या बेरजेत ५ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर दुखापतीचं प्रमाण जास्त दिसलं होतं, तेव्हा बेरीज हा आकडा लक्षात ठेवायचा. घरच्या मापात मी पाचला घाबरत नाही, आठदहाचा फरक दोनतीन वेळा वेगवेगळ्या दिवशी आला तर तो खरा धरतो.

मोजायचा दिवस मात्र नीट निवडा. पिचिंग केल्यावर आतलं फिरणं लगेच दहाएक अंशांनी कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी पण तसंच असतं. शनिवारी मॅच झाली आणि रविवारी सकाळी मोजलं तर सगळ्यांचाच खांदा बिघडलेला दिसेल आणि आई उगाच टेन्शनमध्ये येईल.

एक अजून माप, ते सोपंय. उताणं झोपून गुडघे मोडून कंबर जमिनीला चिकटवून ठेवायची आणि दोन्ही हात सरळ डोक्यावरून मागे न्यायचे, अंगठे मागच्या दिशेला. दोन्ही हात जमिनीला लागतात का, की फेकणारा वरच लटकतो? वर राहत असेल तर काखेच्या मागचा मोठा स्नायू, ज्याला सगळे लॅट म्हणतात, तो घट्ट असण्याची शक्यता जास्त. हे दुर्लक्षित राहतं, पण हात पूर्ण वर न जाणं आणि कोपराच्या दुखापती यांचा पण संबंध प्रोफेशनल पिचर्समध्ये सापडलाय.

मागची बाजू: क्रॉस बॉडी आणि स्लीपर

क्रॉस बॉडी स्ट्रेच सगळ्यांना येतो असं सगळ्यांना वाटतं. हात छातीवरून आडवा घ्यायचा, दुसऱ्या हाताने ओढायचा, पीटीच्या तासाला पण करायचो आपण. पण नुसतं असं ओढलं की हाताबरोबर फरा पण पुढे सरकतो आणि ताण फऱ्याच्या मागच्या स्नायूंना बसतो, खांद्याच्या मागच्या भागाला जवळजवळ काहीच नाही. म्हणून फरा अडकवायचा. दाराच्या चौकटीला किंवा भिंतीच्या कोपऱ्याला फऱ्याची बाहेरची कड टेकवून उभं राहायचं, अंगाचा भार थोडा तिकडे टाकायचा म्हणजे फरा हलणार नाही, आणि मग कोपराला धरून हात छातीवरून आडवा ओढायचा, खांद्याच्या उंचीला, कानाकडे वर नाही. ताण खांद्याच्या मागे, खोल जाणवला पाहिजे. पुढे चिमटा बसल्यासारखं झालं तर थोडं खाली घेऊन बघा, तरी झालं तर सोडून द्या. ३० सेकंद धरायचं, सोडायचं, असं पाच वेळा. रोज एकदा पुरे.

हाच प्रकार झोपून पण होतो आणि मला तो जास्त आवडतो, कारण रात्री पोरं तशीही फोन घेऊन लोळतच असतात. फेकणाऱ्या बाजूवर कुशीला झोपायचं, पाठ किंचित मागे कलती, म्हणजे फरा अंगाच्या वजनाने आपोआप दाबला जातो, आणि वरच्या हाताने खालच्या हाताचं कोपर छातीसमोरून ओढायचं.

स्लीपर स्ट्रेच हा बेसबॉलमधला सगळ्यात प्रसिद्ध आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बिघडवून केला जाणारा प्रकार. कुशीला झोपून खालचा हात समोर, कोपर काटकोनात, आणि दुसऱ्या हाताने मनगट गादीकडे दाबायचं. पोरं काय करतात, बरोब्बर खांद्याच्या टोकावर झोपतात आणि मग मनगट असं दाबतात की जणू पंजा लढवतायत, मग खांद्याच्या पुढे कळ येते आणि म्हणतात स्ट्रेच लागतोय. तो स्ट्रेच नसतो, तिथे आत काहीतरी चिमटलं जात असतं. करायचाच तर पाठ वीसतीस अंश मागे कलती ठेवा, कोपर खांद्याच्या रेषेपेक्षा थोडं खाली, पोटाच्या दिशेला आणा, आणि दुसऱ्या हाताची फक्त दोन बोटं वापरून दाबा. दोन बोटांचा नियम मी पोरांना मुद्दाम लावतो, त्याने जोर आपोआप मर्यादित राहतो. ३० सेकंदाचे तीन फेरे झाले की बास.

दोन्हीपैकी एकच करायचा असेल तर क्रॉस बॉडी करा. २००७ मध्ये या दोघांची तुलना छापून आली होती, खांदा मागून घट्ट असलेल्या तरुणांवर चार आठवडे, त्यात काहीच न करणाऱ्यांपेक्षा क्रॉस बॉडीवाल्यांचं आतलं फिरणं चांगलं वाढलं आणि स्लीपरवाल्यांचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. शिवाय क्रॉस बॉडी चुकला तरी फारसं बिघडत नाही, स्लीपर चुकला तर दुखतं, आणि बारा वर्षांच्या पोराकडून चूक होणारच हे धरूनच चालावं.

काखेमागचा लॅट

गुडघ्यांवर बसून दोन्ही कोपरं समोरच्या सोफ्यावर किंवा बेंचवर टेकवा, हातात एक काठी किंवा बॅटच धरा, तळवे स्वतःच्या तोंडाकडे. आता नितंब मागे टाचांकडे न्या आणि छाती खाली सोडा. कंबरेत बाक काढायचा नाही, पोट किंचित आत. काखेच्या मागून बरगड्यांपर्यंत ताण येतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी सरळ शशांकासन (वज्रासनात बसून पुढे वाकणं) करा आणि दोन्ही हात चालवत चालवत फेकणाऱ्या हाताच्या उलट बाजूला न्या, तिथे चारपाच लांब श्वास. श्वास बरगड्यांत भरायचा, त्यानेच आतून ताण मिळतो. आमच्या टीममधल्या अमेरिकन पोरांना हे नाव सांगितल्यावर जे काय उच्चार होतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण करतात बिचारे.

पाठ न हलता खांदा मोकळा होत नाही

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. मघाशी जे १७० ते १८० अंश म्हटलं ना, ते सगळे खांद्याच्या सांध्यातून येत नाहीत. त्यातला काही भाग फरा मागे कलंडतो त्यातून येतो आणि काही भाग पाठीचा वरचा कणा मागे वाकतो त्यातून. आता पोरगं दिवसभर शाळेत बाकावर वाकून, मग घरी लॅपटॉपवर वाकून, मग फोनवर वाकून, त्याचा वरचा कणा मागे वाकतच नाही. पण बॉल तर फेकायचाय, हात तर मागे जाणारच, मग उरलेले अंश कुठून काढणार? खांद्याच्या पुढच्या आवरणातून आणि कोपराच्या आतल्या लिगामेंटमधून, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यातून. त्याच लिगामेंटचं ऑपरेशन १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलं आणि आज ते ऑपरेशन त्याच्याच नावाने ओळखलं जातं. हल्ली हायस्कूलची पोरं पण ते करून घेतात, हे ऐकून आपल्या लोकांचा विश्वास बसत नाही.

तर फोम रोलर घ्या, नसेल तर एक मोठा टॉवेल घट्ट गुंडाळून दोन रबरबँड लावा. तो जमिनीवर आडवा ठेवून त्यावर पाठ टेका, फऱ्यांच्या खालच्या टोकांच्या रेषेत. हात मानेमागे, कोपरं एकमेकांजवळ, नितंब जमिनीवर. पोट आत ओढून धरा आणि डोकं हळूहळू मागे सोडा, दोन श्वास थांबा, वर या. मग रोलर थोडा वर सरकवा, परत. तीनचार जागा कराव्यात, प्रत्येक जागी पाचसहा वेळा. कंबरेखाली रोलर घ्यायचा नाही, तिथे वाक आधीच भरपूर असतो. नीट होतंय की नाही ते बघायला बरगड्या बघा, बरगड्या छताकडे फुगून वर आल्या म्हणजे वाक कंबरेतून काढतोय.

दुसरं, कुशीला झोपून गुडघे काटकोनात मोडून त्यांच्यामध्ये उशी, दोन्ही हात समोर एकावर एक. वरचा हात उघडत पाठीमागे न्यायचा, नजर हातामागे, गुडघे जागचे हलू द्यायचे नाहीत. दोन्ही बाजूंना आठआठ वेळा, श्वास सोडत सोडत.

छातीचा पुढचा छोटा स्नायू फऱ्याला पुढे ओढून ठेवतो, तो मोकळा करायला तोच गुंडाळलेला टॉवेल कण्याच्या रेषेत उभा ठेवून त्यावर उताणं झोपायचं, हात दोन्ही बाजूंना सैल, तळवे वर, कोपरं खांद्याच्या खाली, दोन मिनिटं नुसतं पडून राहायचं. एवढंच. हात वर काटकोनात ठेवून चौकटीत झुकायचा जो प्रकार आहे तो पिचरने करू नये असं माझं ठाम मत आहे, त्या पोझिशनमध्ये खांद्याचं पुढचं आवरण ताणलं जातं, आणि ते तर फेकून फेकून आधीच सैल झालेलं असतं. आणि ते जे दोघादोघांत करतात, एकाने मागे उभं राहून दुसऱ्याचे दोन्ही हात पाठीमागे खेचायचे, आम्ही पण कॉलेजात करायचो आणि इथे पण काही जुने कोच करायला लावतात, ते ताबडतोब बंद करा. हात बाहेर अजून फिरावा म्हणून कोणी जोर लावत असेल तर त्याला पण नम्रपणे नाही म्हणा.

खुब्याचं एका ओळीत, पुढच्या पायाचा खुबा आत फिरत नसेल तर अंग वळत नाही आणि मग हातावर येतं, म्हणून जमिनीवर बसून एक पाय समोर आणि एक बाजूला काटकोनात मोडून दोन्हीकडे मिनिटभर बसा. घरात पोरं जमिनीवर मांडी घालून, उकिडवं बसत असतील तर तेही सोडवू नका, जेवायला खाली बसवा.

कधी करायचं, कधी नाही

फेकायच्या आधी लांबलांब स्ट्रेच धरून बसायचं नाही. एक स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला तर त्याची ताकद थोड्या वेळापुरती कमी होते. माउंडवर, म्हणजे पिचर जिथून फेकतो त्या उंचवट्यावर, जायच्या आधी दोनतीन मिनिटं पळा, घाम फुटू द्या, मग हात लहान-मोठे गोल फिरवा, अंग वळवा, मनगटाला लावायच्या रबर बँडचे हलके प्रकार करा, मग जवळून फेकायला सुरू करून हळूहळू लांब जा. न्यू जर्सी, शिकागो, बॉस्टनवाल्यांनो, मार्च-एप्रिलच्या थंडीत हे दुप्पट वेळ करा, जॅकेट काढायची घाई करू नका.

वरचे सगळे स्ट्रेच संध्याकाळी किंवा फेकून झाल्यावर तासाभराने करा, आधी गरम पाण्याने अंघोळ केली तर अजून छान. पिचिंगच्या दिवशी रात्री फक्त हलका क्रॉस बॉडी आणि पाठीचं, जोर लावायची ती वेळ नाही. एकूण दहाबारा मिनिटांचं काम आहे. आधी पाठ, मग लॅट, मग मागची बाजू, असा क्रम मी ठेवतो, कारण पाठ मोकळी झाल्यावर फरा जागेवर बसतो आणि पुढचं सोपं जातं.

आणि याच्या जोडीला ताकद. ब्रेक मारणारे स्नायू फक्त लांब करून चालत नाही, ते थकू नयेत हे पण बघावं लागतं. कोपर अंगाला चिकटवून, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरून रबर बँड बाहेर ओढणं, बँड मागे खेचून फरे एकमेकांकडे आणणं, पोटावर झोपून हात टी आणि वायच्या आकारात उचलणं, हे आठवड्यातून तीनदा. थ्रोअर्स टेन म्हणून दहा व्यायामांचा संच आहे, फिजिओ लोक तोच देतात, तो नीट शिकून घेतला तर वेगळं काही शोधायला नको.

ज्यांनी स्ट्रेच करूच नये

काही पोरं जात्याच लवचिक असतात. अंगठा मागे वळून हाताला टेकतो, करंगळी काटकोनाच्या पुढे मागे जाते, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात, गुडघे न मोडता तळवे जमिनीला टेकतात. यातलं बरंचसं जमत असेल तर त्या पोराला खांद्याचं स्ट्रेचिंग नको, त्याला फक्त ताकदीचं काम द्या. अडचण अशी की याच पोरांना सगळ्यात जास्त आखडल्यासारखं वाटतं, कारण सैल सांधा सांभाळायला स्नायू सतत आवळून बसलेले असतात, आणि स्ट्रेच केला की त्यांना बरं पण वाटतं, म्हणून ती करतच राहतात.

दुखत असेल तर

आखडणं आणि दुखणं यात फरक करा. अकरा ते सोळाच्या वयात फेकताना दंडाच्या वरच्या टोकाला दुखत असेल तर तिथल्या हाडाच्या वाढीच्या पट्टीला त्रास होत असू शकतो, लिटल लीग शोल्डर म्हणतात त्याला, त्यावर स्ट्रेच करून, बाम चोळून किंवा आजीने कितीही प्रेमाने तेल लावून काही होत नाही. एक्सरे काढायला लागतो आणि फेकणं बंद, साधारण तीन महिने. रात्री झोपेत दुखणं, बोटांना मुंग्या, फेकताना हात एकदम मेल्यासारखा होणं, कोपराच्या आतल्या बाजूला कळ, किंवा काही कारण नसताना स्पीड अचानक पडणं, यातलं काहीही असेल तर स्पोर्ट्सच्या डॉक्टरकडे जा. पोरं सांगत नाहीत हे पण लक्षात ठेवा, पुढच्या मॅचला बसवतील या भीतीने गप्प राहतात, तेव्हा बॅकपॅक कोणत्या खांद्यावर घेतो, टीशर्ट काढताना तोंड वाकडं करतो का, यावर नजर ठेवा.

आणि फेकायचे बॉल मोजा. एमएलबी (अमेरिकेतली मुख्य प्रोफेशनल लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून पिच स्मार्ट नावाचे नियम केलेत, त्यात दिवसाला ७-८ वर्षांच्या पोराला ५० पिच, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५ आणि १७-१८ ला १०५ अशी मर्यादा आहे. चौदापर्यंतच्या पोराने ६६ किंवा जास्त पिच टाकले तर चार दिवस पिचिंग नाही. पिचिंग करून त्याच मॅचमध्ये कॅचर पण व्हायचं नाही, मी कॅचर होतो म्हणून सांगतो, कॅचर पण दिवसभर फेकतच असतो. वर्षातून चार महिने तरी फेकणं बंद, त्यातले दोनतीन महिने सलग. आता स्प्रिंग, समर, फॉल आणि वरून हिवाळ्यात इनडोअर असं बाराही महिने चालू असेल तर मी वर लिहिलेलं सगळं रोज केलं तरी खांदा तगेल असं मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या टीम असतील तर एक कोच दुसऱ्याचे पिच मोजत नाही, ती वही आईबापांनाच ठेवावी लागते.

चार आठवडे झाले की परत मोजा, त्याच जमिनीवर, त्याच फोनने, पिचिंगनंतर दोनतीन दिवस गेल्यावर. बेरीज जुळत आली असेल तर क्रॉस बॉडी आठवड्यातून दोनतीनदा वर आणा, स्लीपर करत असाल तर बंदच करा, पाठीचं मात्र चालू ठेवा. फरक तसाच असेल तर अजून दोन आठवडे द्या, आणि तरी आकडा हलला नाही तर जोर वाढवायचा नाही, मापांचा कागद घेऊन फिजिओकडे जायचं, त्यांना त्या कागदाचा फार उपयोग होतो. आणि फेकणाऱ्या हाताची बेरीज दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त यायला लागली तर स्ट्रेच थांबवा आणि रबर बँडचे ताकदीचे प्रकार सुरू करा.